कोऱ्या ओळींचा हिशेब

वडगाव, कामशेत किंवा लोणावळ्यातल्या कुठल्याही बँकेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा. पासबुकात एन्ट्री मारून घ्यायला रांग लागलेली असते. काउंटरवरचा कर्मचारी पासबुक उघडतो आणि यंत्राच्या तोंडात सरकवतो. खर्र-खर्र आवाज होतो आणि पासबुक बाहेर येतं. गेल्या खेपेला जिथे शेवटची ओळ संपली होती, बरोबर तिच्याखाली नवी नोंद सुरू झालेली असते. तारीख तारखेच्या रकान्यात, जमा जमेच्या, शिल्लक शिलकीच्या. पासबुकाच्या मधोमध शिवण असते, तिथे एकही अक्षर पडलेलं नसतं.

आता विचारा स्वतःला: सतरावी ओळ भरलेली आहे आणि अठरावी कोरी आहे, हे त्या यंत्राला कसं कळलं?

यंत्राने जुन्या नोंदी वाचल्या असतील, असं वाटतं ना? एकही अक्षर वाचलेलं नसतं. छापणाऱ्या टोकाला डोळे नाहीत. चांगल्या पासबुक प्रिंटरला कळते ती फक्त पासबुकाची कड. ती चाचपून तो पासबुक सरळ करून घेतो, जाडी ओळखतो, बस्स. बाकी सगळी आठवण बँकेच्या संगणकात, तुमच्या खात्याशेजारी ठेवलेल्या एका लहानशा आकड्यात असते: शेवटची छापलेली ओळ, सतरा. म्हणून संगणक प्रिंटरला सांगतो, वरच्या कडेपासून मोज, सतरा ओळी सोड आणि मग छाप. शिवण आली की आणखी काही ओळी सोड. म्हणजे चार नोंदी छापायच्या असल्या तरी हुकूम वीस-पंचवीस ओळींचे द्यावे लागतात. त्यातले बहुतेक हुकूम काहीही न छापण्याचे!

संगणकातून छापून निघणाऱ्या कुठल्याही कागदाचं, म्हणजे रिपोर्टचं, सगळं नवल इथे आहे. कागदावरची अक्षरं आपल्याला दिसतात. पण ती अक्षरं जागच्या जागी बसतात ती अक्षरांमुळे नाही, तर त्यांच्या आधी सोडलेल्या मोकळ्या जागेमुळे. आणि ती मोकळी जागा आपोआप पडत नाही. कोरी ओळसुद्धा कुणीतरी मोजून, ठरवून, सांगून सोडलेली असते.

कार्ल्याच्या एकवीरेच्या पायऱ्या डोळ्यांवर पट्टी बांधून चढायच्या आहेत, असं समजा. कुठे वळण आहे, कुठे सपाट जागा आहे, ते तुम्हाला आधी सांगितलेलं आहे, पण फक्त आकड्यांत. पहिल्या पायरीवर पाय नेमका पडला आणि मोजणीत चूक झाली नाही, तर तुम्ही देवळाच्या दारात पोचाल. पहिलीच पायरी चुकली, तर पुढची प्रत्येक मोजणी बरोबर असूनही प्रत्येक पाऊल चुकीचं पडेल. प्रिंटर आयुष्यभर असाच चालतो.

मग पायरी केवढी? एका इंचात सहा ओळी. हे माप संगणकाच्याही आधीचं, टाइपरायटरच्या काळातलं आहे. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, तेव्हाही साध्या अंतराने टाइप केलं की इंचात सहाच ओळी बसत. आडव्या अंगाने इंचात दहा अक्षरं. म्हणजे सगळा कागद जणू अदृश्य चौकटींनी आखलेला: प्रत्येक चौकट अडीच मिलिमीटर रुंद, सव्वाचार मिलिमीटर उंच, आणि प्रत्येकीत एकच अक्षर.

आता जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा छिद्रांचा कागद आठवा. दोन्ही कडांना भोकांची पट्टी, पानापानांमध्ये फाडायची बारीक टोचणी. त्या भोकांमधलं अंतर किती असतं माहीत आहे? बरोबर अर्धा इंच. म्हणजे दोन भोकांमध्ये नेमक्या तीन ओळी! प्रिंटरच्या चाकाचा खुंटा भोकात अडकतो, चाक फिरतं, कागद सरकतो; तो निसटू शकत नाही. पहिल्या पानावरची ओळ जिथे पडली, तिथेच हजाराव्या पानावरची पडते. कागदाची भोकं म्हणजे मोजपट्टीच आहे, आणि ती कागदालाच कापून दिलेली आहे.

पण मोजणी कुठून सुरू करायची? प्रिंटर सुरू करता त्या क्षणी कागद जिथे असेल, ती जागा म्हणजे पानाचा माथा, असं तो मानून चालतो. त्याला दुसरं काही कळायचा मार्गच नाही. म्हणून कचेरीतला जुना माणूस आधी हाताने चाक फिरवून टोचणीची रेघ छापणाऱ्या टोकाशी आणायचा आणि मगच बटण दाबायचा.

इथे एक गंमत घडते. अकरा इंचांच्या पानात सहासष्ट ओळी मावतात, बारा इंचांच्या पानात बहात्तर. प्रिंटरला सांगितलं आहे की पान अकरा इंचांचं आहे आणि कागद लावला बारा इंचांचा, तर काय होईल? पहिलं शीर्षक जागेवर येईल. दुसरं पानाच्या माथ्याच्या एक इंच आधीच, मागच्या पानाच्या तळाशी पडेल. तिसरं दोन इंच आधी. असं सरकत सरकत बारा शीर्षकं झाली की तेरावं पुन्हा बरोबर टोचणीखाली, एखाद्या कागदाच्या अगदी माथ्यावर! कारण अकरा बारं एकशे बत्तीस आणि बारा अकरंही एकशे बत्तीस. शाळेतला लसावि कागदावर डोळ्यांनी दिसतो.

आता थोडं मागे जाऊ. १९५९ साली आयबीएमने १४०१ हा संगणक आणि त्याच्यासोबत १४०३ हा प्रिंटर आणला. एका ओळीत १३२ अक्षरं, मिनिटाला ६०० ओळी. भारतीय रेल्वेनेही १९६० च्या दशकात आपल्या झोनच्या मुख्यालयांत हेच १४०१ संगणक बसवले. पगारपत्रकं आणि मालवाहतुकीचे हिशेब त्यांवर होऊ लागले. या प्रिंटरला पानाची लांबी कळायची कशी? त्याचं उत्तर इतकं साधं आहे की विश्वास बसत नाही. प्रिंटरच्या आत कागदाचीच एक अरुंद पट्टी असे. तिची लांबी छापायच्या फॉर्मएवढी. दोन्ही टोकं डिंकाने चिकटवून तिचं कडं केलेलं असे. फॉर्म एक ओळ सरकला की आतलं कडंही एक ओळ फिरे. पट्टीवर उभे बारा मार्ग आखलेले असत आणि त्यांत हवं तिथे भोक पाडायचं. पहिल्या मार्गातलं भोक म्हणजे पानाचा माथा. बाराव्या मार्गातलं भोक म्हणजे पान संपत आलं. मधले मार्ग आपल्या सोयीचे: पत्ता इथे, एकूण रक्कम तिथे.

प्रोग्राम फक्त म्हणे, पहिल्या मार्गावर जा. प्रिंटर पट्टी फिरवत राही. बारीक ब्रश भोकात टेकला की थांबे. पगारपत्रकानंतर वेगळ्या आकाराचा फॉर्म लावायचा आहे? प्रोग्रामला हात लावायचा नाही, नुसतं कडं बदलायचं. बिनडोळ्याच्या यंत्राला पान दाखवण्यासाठी माणसाने त्याच्या पोटात त्या पानाचीच एक प्रतिकृती ठेवली होती!

पुढे प्रोग्रामच्या भाषांनी हीच युक्ती शब्दांत आणली. फोरट्रान भाषेत ओळीचं पहिलं अक्षर छापलंच जात नसे. ते प्रिंटरसाठी राखीव असे. तिथे कोरी जागा असेल तर एक ओळ खाली जा. शून्य असेल तर दोन ओळी. एक असेल तर नवीन पान. आणि अधिकचं चिन्ह असेल तर जागेवरच थांब, मागच्या ओळीवरच पुन्हा छाप, म्हणजे अक्षर ठळक होईल किंवा त्याखाली रेघ मारता येईल.

किती सोपं, नाही का? पण आता असं समजा की तुम्ही भाताच्या वाणांची यादी छापताय आणि ओळीची सुरुवात सालाने होते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून इंद्रायणी वाण आलं १९८७ साली. ते साल पहिल्याच रकान्यात ठेवलं, की प्रिंटर पहिला एक गिळून टाकणार, नवं पान काढणार आणि त्यावर छापणार ९८७! यादीत विसाव्या शतकातली चाळीस वाणं असतील, तर चाळीस पानं निघतील, प्रत्येकावर एकच ओळ. उपाय? ओळीच्या सुरुवातीला एक कोरी जागा. सगळं जागेवर येतं.

कोबॉल भाषेत तर साधं वाक्यच लिहायचं: तीन ओळी पुढे जाऊन छाप, किंवा नव्या पानावर छाप. पुढे डीबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रो हे नोंदी सांभाळणारे प्रोग्राम आले. १९८० आणि ९० च्या दशकांत महाराष्ट्रातल्या पतपेढ्या, साखर कारखाने आणि दुकानांचे किती हिशेब त्यांवर चालले! त्यांत पानावरचा पत्ताच द्यायचा: पाचवी ओळ, दहावा रकाना, इथे नाव लिही. सोपं वाटतं. पण त्यातली मेख बघा. पाचव्या ओळीवर नाव छापलं, नवव्यावर रक्कम छापली आणि मग म्हणालात, आता पुन्हा सहाव्या ओळीवर गावाचं नाव लिही. प्रोग्राम काय करील? नवं पान काढील आणि त्या नव्या पानाच्या सहाव्या ओळीवर गाव लिहील. कारण कागद पुढे गेला तो गेला. सहावी ओळ हवी असेल, तर ती पुढच्याच पानावर मिळणार.

या एका बंधनामुळे माणसाला आपली लिहिण्याची रीतच उलटी करावी लागली. सातबारा डोळ्यांसमोर आणा. डावीकडे खातेदारांची नावं, उजवीकडे कुळ, खंड आणि इतर अधिकार. हाताने लिहिणारा तलाठी आधी डावा रकाना वरपासून खालपर्यंत भरू शकत होता आणि मग उजवा. छिद्रांच्या कागदावर हे जमत नाही. तिथे पहिल्या खातेदाराच्या नावाबरोबर त्याच उंचीवरची उजवीकडची नोंदही एकाच फटक्यात पडायला हवी. म्हणजे छापण्याआधीच प्रोग्रामला दोन्ही रकाने पूर्ण माहीत हवेत, त्यांच्या ओळी पाडलेल्या हव्यात आणि त्या जोडीने लावलेल्या हव्यात. वारसांची नावं लागून एका गटात चाळीस खातेदार झाले आणि उजवीकडे दोनच नोंदी असल्या, तर उजवीकडच्या अडतीस कोऱ्या जागाही मोजून भराव्या लागतात.

आणि पान भरत आलं की? प्रोग्राम मनाशी ओळी मोजत असतो. साठावी झाली की थांबतो, पानाची बेरीज छापतो, पुढील पानावर असं लिहितो, पान बदलतो, शीर्षक पुन्हा छापतो, मागील पानावरून म्हणून तीच बेरीज आणतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करतो. पण शहाणा प्रोग्राम आणखी एक काम करतो. तो पुढे बघतो. एका खातेदाराच्या नोंदीला आठ ओळी लागणार आहेत आणि पानावर पाचच उरल्या आहेत? मग त्या पाच कोऱ्या सोडून तो सरळ पुढच्या पानावर जातो. नाहीतर नाव एका पानाच्या तळाशी आणि क्षेत्र दुसऱ्याच्या माथ्यावर, असं व्हायचं. कचेरीत पान सुटं झालं तर काय गोंधळ होईल!

आता याहून नवलाची गोष्ट. एखाद्या दाखल्याच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, पान ३ पैकी १. पहिलं पान छापताना एकूण तीन होणार हे कळलं कसं? त्याचा सरळ मार्ग असा. प्रोग्राम सगळा दाखला आधी मनातल्या मनात पूर्ण छापतो, कागदाशिवाय. ओळी पाडतो, पानं बदलतो, मोजतो: तीन. मग पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करून खरोखर छापतो. तुमच्या हातात येणारा कागद दुसऱ्यांदा छापलेला असतो.

इथवरचं सगळं इंग्रजी अक्षरांना धरून झालं. एक अक्षर, एक चौकट. आता त्या चौकटीत मराठी बसवा. मळवली आणि कार्ला ही शेजारशेजारची गावं घ्या. संगणकाच्या लेखी मळवली म्हणजे पाच चिन्हं: म, ळ, व, ल आणि वेलांटी. कार्ला म्हणजे सहा: क, काना, र, हलन्त, ल, काना. संगणक म्हणणार कार्ला मोठं. पण कागदावर बघा! हलन्त दिसतच नाही, र उडी मारून रफार होतो आणि ल च्या डोक्यावर जाऊन बसतो. त्यांना आडवी जागा लागतच नाही. उरल्या चारच चौकटी. मळवलीला मात्र पाचही लागतात. म्हणजे चिन्हं मोजून रिकाम्या जागा सोडल्या, तर गावांच्या यादीपुढचा क्षेत्राचा रकाना वाकडातिकडा होणार. मराठी रिपोर्ट सरळ यायचा तर आधी अक्षरं जुळवायला हवीत, मग रुंदी मोजायला हवी आणि मग कोऱ्या जागा.

हे काम करणारी माणसं लोणावळ्याहून लोकलने जाता येईल इतक्या जवळ होती. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. महासंगणकासाठी तिचं नाव झालं, पण तिथेच जिस्ट हे तंत्रज्ञानही वाढलं. त्याची सुरुवात आयआयटी कानपूरला झाली होती. त्याचं एक कार्ड संगणकात बसवलं, की केवळ इंग्रजीसाठी बनवलेल्या डीबेससारख्या प्रोग्राममध्येही देवनागरी उमटू लागे. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांचं इस्की हे प्रमाणही ठरलं. आणि १९८८-८९ मध्येच केंद्र सरकारने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला होता. त्यात महाराष्ट्रातला वर्धा जिल्हा होता. सातबारा संगणकावर यायचा तर संगणकाला रफार बसवता यायलाच हवा होता.

रुंदीचा प्रश्न सुटला, तरी उंचीचा उरतोच. इंग्रजी अक्षर एका मजल्याचं. मराठी तीन मजल्यांचं: शिरोरेघेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार; मध्ये अक्षर; खाली उकार. इंचात सहा ओळी ठेवल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. ओळी विरळ करून इंचात चार ठेवल्या, तर बारा इंचांच्या पानावर बहात्तरऐवजी अठ्ठेचाळीसच मावतात. प्रोग्राममधल्या सगळ्या आकडेमोडी पुन्हा करा!

ओळ विरळ करायची तरी कशी? डॉट मॅट्रिक्सच्या टोकात अक्षरांचे ठसे नसतातच. असतात बारीक तारा. साध्या प्रिंटरमध्ये नऊ, एकाखाली एक. दोन तारांमधलं अंतर एक इंचाचा बहात्तरावा भाग. तारा शाईच्या फितीवर आपटतात आणि ठिपके उमटतात. दोन ठिपक्यांमध्ये फट राहू नये म्हणून तीच ओळ पुन्हा छापायची, पण कागद त्या अंतराच्या एक तृतीयांश सरकवून. बहात्तर त्रिक दोनशे सोळा. म्हणून या प्रिंटरना इंचाच्या दोनशे सोळाव्या भागाच्या पटीत कागद सरकवायचा हुकूम देता येतो. मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढी ही पायरी! एस्केप नावाच्या संकेताने सुरू होऊन आकड्याने संपणारा असा तो हुकूम. आकडा ३६ दिला की इंचात सहा ओळी. ५४ दिला की चार. एवढ्याशा आकड्यात उकार आणि मात्रा यांचं भांडण मिटतं.

आणि इतकी बारीक मोजणी करूनही शेवटी गाठ पडते ती हवेशी. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैच्या दमट हवेत उघड्या खोक्यातला कागद पाणी शोषतो आणि फुगतो. फुगला की भोकं खुंट्यांवर ताणली जातात, कडा फाटतात आणि कागद तिरका जातो. प्रोग्राम मात्र निश्चिंत मोजत राहतो, कारण कागद तिरका झालाय हे त्याला कळायचा मार्ग नाही. म्हणून घाटमाथ्यावर कागदाचं खोकं बंद ठेवणं हासुद्धा ओळी नीट बसवण्याचाच एक भाग आहे.

आज डिजिटल सहीचा सातबारा पीडीएफ होऊन मोबाइलवर येतो. तिथे भोकं नाहीत, चाक नाही, चिकटवलेलं कडं नाही. पानाचा प्रत्येक बिंदू मोकळा आहे. आधी तळाशी लिहा, मग माथ्यावर या, कुणी अडवत नाही. मोजणीची दिशासुद्धा उलटली आहे. पीडीएफ पान मोजायला सुरुवात करतो खालच्या डाव्या कोपऱ्यापासून आणि वर जातो. पण त्याचं माप काय आहे? इंचाचे बहात्तर भाग, ज्यांना पॉइंट म्हणतात. बारा पॉइंटांची एक ओळ धरली, तर इंचात किती ओळी होतात? सहा! टाइपरायटर गेला, पोटात कडं फिरवणारा प्रिंटर गेला, छिद्रांचा कागद जाऊ लागला, आणि एक षष्ठांश इंचाची ती पायरी आजही जागच्या जागी आहे.

म्हणून तुमच्या घरात कुणी प्रोग्रामिंग शिकत असेल, तर त्याला एक काम नक्की सांगा. एक पट्टी घे, घरातलं कुठलंही छापील बिल घे आणि वरच्या कडेपासून प्रत्येक कोरी ओळ मोज. ती कुणासाठी सोडली आहे, ते शोध. कुठली फाडायला आहे, कुठली सहीला, कुठली शिक्क्याला, कुठली उद्या वाढणाऱ्या नावाला. रिपोर्ट लिहिणाऱ्याचं कौशल्य छापलेल्या आकड्यांवरून कळत नाही. ते या न छापलेल्या ओळींवरून कळतं.